पाठ केलेला निबंध जिथे बसत नाही: वर्गात सर्जनशील लेखनाला चालना कशी द्यावी

सहावीच्या वर्गात फळ्यावर ‘माझी आई’ एवढे लिहून मुलांना वीस मिनिटे दिली, की बहुतेक वह्यांमध्ये पहिले वाक्य सारखेच उतरते: ‘माझी आई मला खूप आवडते.’ त्यापाठोपाठ ‘ती पहाटे लवकर उठते’ हे दुसरे वाक्य येते आणि शेवटी आईवरच्या कवितेची एक ठरलेली ओळ येते. ज्या मुलाची आई कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी घरी येते आणि तो शाळेला निघताना अंथरुणाला पाठ टेकते, तोही हेच लिहितो. त्याला खोटे बोलायचे नसते; आईविषयी लिहायचे म्हणजे असेच लिहायचे, ही समजूत निबंधमालेने, आधीच्या इयत्तांनी आणि आपण दिलेल्या गुणांनी त्याच्या मनात पक्की केलेली असते.

मराठी माध्यमाच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून, सर्जनशील लेखनासाठी मुलांना चालना कशी द्यावी, ती देण्यापूर्वी काय करावे आणि लेखन हाती आल्यावर त्याचे काय करावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. इंग्रजी शाळांत ज्याला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात त्यासाठी येथे ‘चालना’ हा शब्द वापरला आहे. विषय मुलाला एक मोठे मैदान दाखवतो, तर चालना त्याला मैदानातल्या एका जागी नेऊन उभे करते. तिथून पहिले पाऊल कुठे टाकायचे हे मग त्याला कुणी सांगावे लागत नाही. वर्ग साधारण चाळीस मुलांचा आणि तासिका पस्तीस ते चाळीस मिनिटांची आहे, असे गृहीत धरले आहे.

चालना निवडताना

चांगली चालना ओळखण्यासाठी मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. ही चालना ऐकल्यावर अर्ध्या मिनिटात मुलाला पहिले वाक्य सुचेल का? चाळीस मुलांची चाळीस उत्तरे वेगवेगळी येतील का? पाठ केलेला निबंध थोडा वाकवून हिच्यात बसवता येईल का? आणि ज्या मुलाला त्या वाटेने जायचे नसेल, त्याला निघून जाण्यासाठी दुसरी वाट आहे का? यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाठ केलेले उत्तर बसण्याची शक्यता असेल तर मुले ते बसवतातच, आणि आजवरच्या शालेय जीवनात त्यांना त्याबद्दल चांगले गुणही मिळालेले असतात.

जुने विषय फेकून देण्याची गरज नाही. ते अरुंद केले की बहुधा काम होते. ‘पावसाळा’ या विषयाऐवजी असे विचारावे: ‘पहिला पाऊस अचानक आला की तुमच्या घरी सर्वांत आधी कोणती वस्तू आत घेतली जाते आणि ती घ्यायला कोण धावते?’ कुणाच्या अंगणात कुरडयांचे वाळवण असते, कुणाच्या घरी सरपण किंवा गोवऱ्या असतात, कुणाच्या गॅलरीत शाळेचा एकुलता गणवेश वाळत असतो, आणि कुणाच्या घराचे छतच गळत असल्यामुळे बाहेरचे आत आणण्यापेक्षा आतले हलवण्याची धावपळ होते. ‘माझी आई’ऐवजी ‘घरातील एखाद्या मोठ्या माणसाच्या हातावरची एक खूण आणि ती कशी पडली असावी’ असे सांगता येते. ‘मी पंतप्रधान झालो तर’ यात देशाच्या प्रगतीचे ठरलेले परिच्छेद येतात. ‘एक दिवस शाळेची घंटा तुमच्या ताब्यात आली तर पहिला टोल केव्हा द्याल, आणि तेव्हा कोण काय करत असेल?’ यात ते येऊ शकत नाहीत. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हा तर गाईडमधला हमखास विषय आहे. त्याऐवजी असे सांगावे: ‘ग्रंथालयातील एका पुस्तकाच्या ३७व्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने फक्त तीन शब्द लिहून ठेवले आहेत. ते शब्द कोणते, आणि ते कुणी कुणासाठी लिहिले?’

चालना जितकी नेमकी, तितकी कल्पनाशक्ती मोकळी होते. ‘काहीही लिहा, तुम्हाला आवडेल ते लिहा’ असे सांगितलेल्या वर्गात मुले पेन्सिली चावत बसतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. बारा वर्षांच्या मुलाला स्वातंत्र्य हवे असते, पण ते उंबरठ्याच्या पलीकडे. उंबरठा मात्र आपण बांधून द्यावा लागतो.

मराठीत या कामासाठी आयते साहित्य इतके आहे की परक्या पुस्तकांतून चालना उतरवून घेण्याची गरज क्वचितच पडते. म्हणींचेच पाहा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण सांगून अंगणाला त्याची बाजू मांडू द्यावी: इतकी वर्षे आपल्यावर आळ घेणाऱ्यांना ते काय म्हणेल? ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ या म्हणीत कोल्हा घरी परतल्यावर पिलांना काय सांगतो, हे लिहायला द्यावे. कोडी हा तर लहान वर्गांसाठी लेखनाचा उत्तम आरंभ आहे, कारण कोडे रचताना वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करावे लागते आणि वर्णनाचा सगळा सराव त्यातच होतो. जात्यावरच्या ओव्यांत ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ असा चढता क्रम असतो. तो उसना घेऊन मुलांनी आपल्या घरातील पाच माणसांना पाच ओव्या वाहिल्या, तर यमक जुळवण्याच्या खटपटीत न पडताही लय सापडते. भोंडल्याच्या गाण्यांतील साखळी, जिच्यात एका गोष्टीतून दुसरी निघत जाते, ती पाचवीच्या मुलांना गोष्ट पुढे नेण्याचे तंत्र न सांगता शिकवते.

पावसाच्या नावांची एक चालना मी दर वर्षी देतो. सुमारे ७ जूनला मृग नक्षत्र लागते. त्या आठवड्यात शाळा उघडलेली असली किंवा नसली तरी मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून पावसाची नावे गोळा करून आणायला सांगायचे. वळीव, मृगाचा, हस्ताचा, झड, संततधार, भुरभुर, रिपरिप असा साठा फळ्यावर जमला की प्रत्येकाने एक नाव निवडायचे आणि ‘पाऊस’ हा शब्द एकदाही न वापरता त्या पावसातले एक दृश्य लिहायचे. शब्द बंद केल्याने मुलांना कानांकडे वळावे लागते, आणि मराठीतील ध्वनीवरून आलेले शब्द, पत्र्यावरचा तडतडाट, पागोळ्यांची टपटप, ओढ्याचा खळखळाट, त्यांच्या वाक्यांत आपोआप येऊ लागतात.

याशिवाय दोन डबे वर्गात कायम ठेवावेत. एकात घरातील वस्तूंच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात घराशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींच्या. प्रत्येकातून एक चिठ्ठी उचलायची आणि दोहोंना एका गोष्टीत आणायचे. मुसळ आणि उपग्रह, विळी आणि विमानतळ अशा जोड्यांवर कोणत्याही निबंधमालेत उतारा सापडत नाही, आणि मोबाईलवर शोधून उतरवून आणण्याचा प्रश्नही उरत नाही.

एक अट मात्र शिक्षकाने स्वतःवर घालून घ्यावी. आदल्या दिवशी दहा मिनिटे बसून त्याच चालनेवर आपण लिहून पाहावे. जिथे आपली लेखणी अडते तिथे मुलांची अडणारच, आणि जी चालना आपल्याला कंटाळवाणी वाटली ती वर्गात नेऊ नये.

एका तासिकेची आखणी

समजा, चालना म्हणून एक गंजलेले कुलूप आहे आणि त्याची किल्ली हरवलेली आहे. भंगाराच्या दुकानात किंवा कुणाच्याही घरातल्या खिळेमोळ्यांच्या डब्यात ते सापडते. वस्तू खरी असावी. तिचे चित्र किंवा पडद्यावरची प्रतिमा हा दुय्यम पर्याय आहे, कारण कुलपाचे वजन, त्याचा थंडपणा आणि हाताला लागणारा गंजाचा वास चित्रातून मिळत नाही.

पहिली सात-आठ मिनिटे ते कुलूप हातोहात फिरू द्यावे. एका वर्गात दोन कुलपे असली तर वेळ वाचतो. प्रत्येक मुलाने त्याविषयी एकच निरीक्षण सांगायचे आणि आधी सांगितलेले पुन्हा सांगायचे नाही, एवढा नियम पुरतो. ‘जुने आहे’, ‘छान आहे’ ही मते झाली. ‘किल्लीच्या भोकाभोवती घासल्याच्या रेघा आहेत’ हे निरीक्षण झाले. हा फरक व्याख्या देऊन समजावत बसू नये, पहिल्या दोन-तीन मुलांच्या उत्तरांवर ‘हे तुला कशावरून कळले?’ असे विचारावे, म्हणजे पुढची मुले आपोआप निरखून पाहू लागतात. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेस्तोवर मुलांना कुलपावरचा पुसट झालेला आकडा, कडीवरचा वाकलेपणा आणि आत अडकलेला दोऱ्याचा तुकडाही दिसलेला असतो.

नंतरची पाच मिनिटे बोलण्याची. बाकावरच्या जोडीदाराला तीन प्रश्नांची उत्तरे तोंडी सांगायची: हे कुलूप कोणत्या दारावर होते? ते शेवटचे कुणी लावले? लावताना त्या माणसाच्या दुसऱ्या हातात काय होते? तिसरा प्रश्न मुद्दाम विचित्र ठेवला आहे. ‘त्याच्या मनात काय होते’ असे विचारले की मुले ‘तो दुःखी होता’ असे लिहून मोकळी होतात. हातात काय होते असे विचारले की तिथे ट्रंक येते, लहान बहिणीचे बोट येते, देवाची तसबीर येते, कोंबडी येते, आणि मनातले त्या वस्तूंमधून वाचणाऱ्याला कळते. हे तोंडी बोलणे कधीही गाळू नये. जे मूल बोलू शकले ते बहुधा लिहू शकते, आणि ज्याला काहीच सुचत नव्हते त्याला जोडीदाराचे ऐकून स्वतःचे आठवते.

त्यानंतर बारा मिनिटे लेखन. या वेळात वर्गात कुणीही बोलायचे नाही, खोडरबर वापरायचा नाही, शब्द अडला तर जसा ऐकू येतो तसा लिहून पुढे जायचे. पेन थांबले तर शेवटचे वाक्य पुन्हा एकदा लिहायचे, तोवर पुढचे सुचते. या बारा मिनिटांत शिक्षकाने बाकांमधून फिरू नये, मुलांच्या खांद्यावरून वाकून पाहू नये. आपली खुर्ची घेऊन आपणही लिहावे. शिक्षक स्वतः लिहीत बसला आहे, मधूनच थांबून खिडकीबाहेर पाहतो आहे आणि पुन्हा खाली मान घालतो आहे, हे पाहिल्यावर मुलांना लेखन म्हणजे काय याची जी कल्पना येते ती सूचना देऊन येत नाही.

दिवाळीच्या सुमारास ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, त्या बीड आणि अहिल्यानगरकडच्या शाळांत हे कुलूप मुलांच्या फार ओळखीचे असते, कारण गळीत हंगाम संपेपर्यंत पुढचे कित्येक महिने त्यांच्या दाराला तेच असणार असते. अशा एका वर्गातील मुलीने लिहिले होते की, कुलूप लावून झाल्यावर बाबांनी ते दोनदा ओढून पाहिले आणि मग आजीने येऊन तिसऱ्यांदा ओढून पाहिले. बाकी तिच्या अर्ध्या पानात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या. पण त्या एका वाक्यात घर सोडून जाणाऱ्या माणसांची जी धास्ती आहे ती ‘स्थलांतर: एक समस्या’ या विषयावरच्या वीस निबंधांत मला आढळली नाही, आणि तेव्हापासून मी चालना निवडताना मुलांच्या गावाचा विचार आधी करू लागलो.

उरलेल्या दहा-बारा मिनिटांत वाचन. सगळे लेखन वाचायला वेळ नसतो आणि त्याची गरजही नसते. प्रत्येकाने आपल्या लेखनातील एक आवडते वाक्य उभे राहून वाचायचे. ज्याला वाचायचे नसेल त्याने ‘पुढे’ म्हणायचे आणि त्याला कारण विचारायचे नाही. चाळीस वाक्ये एकामागून एक ऐकताना वर्गाला कळते की एकाच कुलपातून चाळीस दारे निघाली. टाळ्या, क्रमांक आणि ‘सर्वांत छान कुणाचे’ हा प्रश्न या वेळी कटाक्षाने टाळावा, कारण पहिल्याच दिवशी वर्गातील नेहमीची हुशार मुले लेखक ठरली की उरलेली मुले त्या कामातून मनाने बाहेर पडतात.

घरची बोली आणि ‘शुद्ध’ मराठी

लेखन अडण्याचे सर्वांत मोठे कारण कल्पना नसणे हे नसते. मूल ज्या भाषेत विचार करते ती वहीत चालत नाही, हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते लिहीत नाही. घरी ‘माका’, ‘मले’ किंवा ‘माले’ म्हणणारे मूल कागदावर ‘मला’ लिहिण्यापूर्वी एक क्षण थांबते, आणि अशा प्रत्येक थांब्यावर सांगण्याची ओढ थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून पहिल्या खर्ड्यात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी अशी कोणतीही बोली चालेल, हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि ज्या वर्गात पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुले आहेत तिथे पहिला खर्डा देवनागरीत पण घरच्या भाषेत लिहू द्यावा. नंतर पुनर्लेखनाच्या वेळी निवेदन प्रमाण मराठीत आणायचे असेल तर आणावे, पण पात्रांच्या तोंडची वाक्ये बोलीतच ठेवावीत. आजी जर ‘काहून रे?’ म्हणाली असेल, तर कागदावरही ती तसेच म्हणाली पाहिजे. तिला ‘का बरे?’ म्हणायला लावले की ती दुसऱ्याच कुणाची आजी होते.

ज्यांचे वाचन-लेखन मागे राहिले आहे अशा मुलांना या तासिकेतून वगळून शुद्धलेखनाच्या ओळी देणे हा अन्याय आहे. त्यांनी सांगावे आणि जोडीदाराने किंवा शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी तेच लेखन त्यांना वाचायला द्यावे. स्वतः सांगितलेले वाक्य वाचताना मूल अक्षरांशी जितकी झटापट करते तितकी ते पाठ्यपुस्तकातील उताऱ्याशी करत नाही.

पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एका खोलीत असतात. तिथे वस्तू एकच ठेवून काम वेगळे द्यावे: पहिली-दुसरीची मुले कुलपाचे चित्र काढून त्याखाली एक वाक्य लिहितील, तिसरीची मुले त्यावर कोडे रचतील, चौथीची मुले गोष्ट लिहितील. वाचनाच्या वेळी सगळे एकत्र बसावेत.

वह्या हाती आल्यावर

लाल पेन या वह्यांना लावू नये. याचा अर्थ शुद्धलेखन शिकवायचे नाही असा नाही. ते शिकवण्याची जागा वेगळी आहे. चाळीस वह्यांमध्ये वारंवार दिसलेल्या दोन-तीन चुका टिपून ठेवाव्यात, उदाहरणार्थ ‘आणि’ऐवजी ‘आणी’ लिहिणे किंवा अनुस्वाराचा विसर, आणि त्यांवर व्याकरणाच्या तासिकेत नावे न घेता काम करावे.

वहीत पेन्सिलीने दोनच गोष्टी लिहाव्यात. जे वाक्य आपल्या मनात राहिले त्याखाली रेघ, आणि वाचक म्हणून पडलेला एक खरा प्रश्न. ‘छान’, ‘सुंदर कल्पना’, ‘अजून प्रयत्न कर’ या शेऱ्यांनी मुलाला काहीच कळत नाही. ‘आजीने कुलूप ओढून पाहिल्यावर बाबा काही बोलले का?’ या प्रश्नाने त्याला दोन गोष्टी कळतात: कुणीतरी हे नीट वाचले आहे, आणि पुढे काय लिहायचे ते. रोज आठ वह्या घेतल्या तर पाच दिवसांत चाळीस होतात आणि रोजचा वेळ फार लागत नाही. सगळ्या एकदम घरी नेल्या तर शेवटच्या वीस वह्यांना आपण न्याय देत नाही, हे मी स्वतः अनुभवलेले आहे.

मुलांनाही एकमेकांचे लेखन वाचायला शिकवावे लागते. ऐकल्यावर ‘मला दिसले…’ किंवा ‘मला जाणून घ्यायचे आहे…’ या दोनच सुरुवातींनी बोलायचे, असा दंडक पहिल्या सत्रापुरता ठेवला, तर चेष्टा आणि पोकळ कौतुक दोन्ही टळतात.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने लागू झाले तेव्हापासून आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात उपक्रम आणि कृती यांना स्थान आहे, त्यामुळे हे काम नोंदवहीत बसवता येते. पण ‘स्वतःच्या शब्दांत लेखन करतो’ ही सगळ्या मुलांच्या नावापुढे उमटणारी वर्णनात्मक नोंद निरुपयोगी आहे. ‘संवाद लिहिताना प्रत्येक पात्राची भाषा वेगळी ठेवतो’, ‘गोष्ट मध्येच सोडतो, शेवट करताना अडतो’, ‘स्थळाचे वर्णन बारकाईने करते, माणसे मात्र बोलत नाहीत’ अशा नोंदी पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोगी पडतात. कल्पनेला गुण देऊ नयेत.

पालक आणि कधी मुख्याध्यापकही विचारतात की परीक्षेत याचा उपयोग काय. तो प्रश्न गैर नाही. दहावीच्या मराठी कुमारभारतीत कथालेखन, प्रसंगलेखन आणि आत्मकथन आहेत, आणि तिथे दिलेले मुद्दे जसेच्या तसे जोडून कथा उभी राहत नाही. सहावीपासून आठवड्याला बारा मिनिटे लिहीत आलेल्या मुलाला कोऱ्या कागदाची भीती उरत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

जिथे जपून पाऊल टाकावे लागते

आई, वडील, घर, वाढदिवस, सण, सहल हे विषय आपल्याला निरुपद्रवी वाटतात. ज्याचे वडील गेल्या वर्षी गेले, जो मामाकडे राहतो, ज्याच्या घरी वाढदिवस कधीच झाला नाही, त्या मुलासाठी ते निरुपद्रवी नसतात. म्हणून वर्गातल्या मुलांच्या घरची परिस्थिती ठाऊक असलीच पाहिजे आणि प्रत्येक व्यक्तिगत चालनेसोबत एक काल्पनिक पर्याय दिलाच पाहिजे. ‘घरातील माणसाच्या हातावरची खूण’ यासोबत ‘किंवा बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातावरची’ एवढे जोडले की मूल स्वतःचे झाकूनही लिहू शकते.

मुलांना लेखनाची सवय लागली की ती कधी कधी असे काही लिहितात जे त्यांनी कुणालाच सांगितलेले नसते. त्यासाठी शिक्षकाची आधीच तयारी हवी. ‘तू लिहिलेले मी कुणालाही दाखवणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘वर्गात तुझ्या परवानगीशिवाय वाचणार नाही, पण तुला धोका आहे असे वाटले तर मला मदत मागावी लागेल’ असे पहिल्याच दिवशी सांगावे. मारहाण, उपासमार, बालविवाहाची तयारी असे काही लेखनात आढळले तर मुलाशी एकांतात, घाई न करता बोलावे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक यासाठीच आहे. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे, आणि ती गोष्ट खरी की कल्पित याची चौकशी शिक्षकाने स्वतः करत बसू नये. अशी वही इतर शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होता कामा नये.

खर्ड्यापासून हस्तलिखितापर्यंत

दर आठवड्याला नवी चालना देत राहिलो तर मुलांकडे फक्त सुरुवाती साचतात. म्हणून तीन आठवडे लेखन आणि चौथ्या आठवड्यात पुनर्लेखन, असा क्रम ठेवावा. तिन्हींपैकी आपल्याला आवडलेला एक खर्डा मुलाने निवडायचा आणि त्यावर तीन क्रिया करायच्या. पहिली: सुरुवातीची दोन वाक्ये झाकून तिसऱ्यापासून वाचून पाहायचे, गोष्ट तिथून सुरू होत असेल तर पहिली दोन काढून टाकायची. बहुतेक मुलांची पहिली दोन वाक्ये हात गरम होण्यासाठी लिहिलेली असतात. दुसरी: भावनेचे नाव जिथे आले आहे तिथे ते खोडून, त्या वेळी त्या माणसाचे हात, पाय किंवा आवाज यांचे काय झाले ते लिहायचे. ‘तो खूप घाबरला’ या जागी एका मुलाने ‘त्याने चपला उलट्या घातल्या’ असे लिहिले होते. तिसरी: पेन्सिलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखनात कुठेतरी आणायचे. यानंतरच शुद्धलेखन पाहायचे आणि सुवाच्य प्रत करायची.

या प्रतींना वाचक मिळाला पाहिजे. भित्तीपत्रक हा सोपा मार्ग आहे, पण महाराष्ट्रातील शाळांची हस्तलिखिताची परंपरा मला अधिक मोलाची वाटते. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि त्यातून मराठी वाचकांची एक सवय घडली. वर्गाचा स्वतःचा हस्तलिखित दिवाळी अंक हे मुलांसाठी पहिल्या सत्राचे स्पष्ट उद्दिष्ट होऊ शकते. त्यात संपादक मंडळ मुलांचे असावे, मुखपृष्ठ मुलांनी काढावे आणि एकही मूल त्यातून वगळले जाऊ नये, मग त्याचे लेखन दोन ओळींचे कोडे का असेना. दुसऱ्या सत्रासाठी २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सोयीचा आहे. त्या दिवशी वक्तृत्वाऐवजी मुलांनी स्वतःचे लेखन पालकांसमोर वाचावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे अंक वर्गात हाताशी असले की आपण लिहितो तशा गोष्टी छापल्याही जातात, हे मुलांना दिसते. बाहेर कुठेही लेखन पाठवायचे असल्यास मुलाची आणि पालकांची परवानगी घ्यावी आणि पाठवण्यापूर्वी त्यात आपल्या हाताने एकही वाक्य घालू नये.

साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. मागच्या वर्षीच्या वह्यांमधील कोरी पाने काढून दोऱ्याने शिवली की लेखनवही तयार होते, आणि ती गृहपाठाच्या वहीसारखी दिसत नाही हा तिचा गुणच आहे. वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्ये, कोणतीही पूर्वतयारी न करता प्रत्येक मुलाकडून एका पानावर लिहून घ्यावे, तारीख घालून ते पाकिटात बंद करून ठेवावे, आणि एप्रिलमध्ये तीच चालना पुन्हा द्यावी. मग दोन्ही पाने मुलाच्या हातात शेजारी शेजारी ठेवावीत, त्याला ती वाचायला पूर्ण तासिका द्यावी, आणि लेखनवही त्याच्याबरोबर घरी जाऊ द्यावी.